१९६५ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब आणि डबाभर जुने व्हॉल्व्ह : कुठला ठेवायचा, कुठला काढायचा?

सहा_तारा (पुणे)

नमस्कार मंडळी. अमेरिकेहून आलेला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्यूबचा) गिटार ॲम्प हातात आहे. आतल्या ट्यूब-चार्टवर 'ओडी' असा शिक्का आहे. वायर दोन पिनांची आणि मशीन ११७ व्होल्टचं. अजून चालू केलेला नाही.

आत जे आहे ते असं : रेक्टिफायर (एसीची डीसी करणारी ट्यूब) जीझेड३४, त्यावर फेंडरचं नाव आणि खाली काचेवर बारीक कोरलेलं 'बी४के२'. दोन पॉवर ट्यूब ६व्ही६जीटी, त्यातल्या एकावर आरसीएचं नाव, दुसऱ्यावरची अक्षरं पार गेलेली. लहान सहा ट्यूब, त्यातल्या तिघांवर फेंडरचंच नाव, एकीवर काहीच नाही. सोबत एक डबा मिळाला आहे आणि तो बहुतेक इथल्याच कुणा रेडिओवाल्याचा असावा. त्यात बीईएलचे ईसीसी८३ आणि ईएल८४, एक ईसीसी८५, एक ईसीसी८२, रशियन ६एन२पी दोन आणि एक ५यू४जीबी.

प्रश्न तीन. नाव नसलेल्या ट्यूब ओळखायच्या कशा? कुठली चांगली आणि कुठली संपली हे टेस्टर नसताना कसं कळणार? आणि डब्यातलं काही या ॲम्पमध्ये चालेल का? मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं.

---

तारवाला_काका

आधी एक गोष्ट ठाम सांगतो : हा ॲम्प थेट भिंतीत लावू नका. स्टेप-डाउनवरसुद्धा (२३० चे ११७ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) आत्ता नको.

'ओडी' म्हणजे एप्रिल १९६५. फेंडरने पहिल्या अक्षरात साल ठेवलं, ए म्हणजे १९५१ पासून पुढे, आणि दुसऱ्यात महिना. तुमच्या रेक्टिफायरवरचं 'बी४के२' म्हणजे मलार्डचा ब्लॅकबर्नचा कारखाना, सालाचा शेवटचा आकडा ४, अकरावं अक्षर म्हणून नोव्हेंबर, दुसरा आठवडा. नोव्हेंबर १९६४ ला इंग्लंडात बनलेली ट्यूब एप्रिल १९६५ च्या ॲम्पमध्ये कॅलिफोर्नियात बसली, हे हिशेबात चोख बसतं. म्हणजे ती बहुधा मूळची आहे. या कोडात सालाचा एकच आकडा असतो, त्यामुळे ६४ की ७४ हे कोड एकटा सांगत नाही. आजूबाजूचा पुरावा बघावा लागतो. फिलिप्स गटातल्या सगळ्या कारखान्यांची हीच पद्धत होती. पहिलं चिन्ह बी असेल तर ब्लॅकबर्न, आर असेल तर मिचम, डी असेल तर हॅम्बुर्ग आणि छोटा त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हेरलेन. छापलेलं नाव काहीही असो, हे कोरलेलं खरं धरा. त्या काळात सगळे एकमेकांचा माल आपल्या नावाने विकत. फेंडर स्वतः ट्यूब बनवत नव्हती, त्यामुळे 'फेंडर' नावावरून ट्यूबबद्दल काहीच कळत नाही.

नाव गेलेल्या ट्यूबा कपड्याने पुसू नका आणि स्पिरिट तर लावूच नका. उरलेली शाई तिथेच संपते. ट्यूब दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून तोंडाची वाफ सोडा आणि टॉर्च आडवा धरून बघा. शाई जिथे होती तिथे वाफ वेगळी बसते आणि अक्षरं क्षणभर उमटतात. फोटो काढून ठेवा, कारण परत तितकं स्पष्ट दिसेलच असं नाही. अमेरिकन ट्यूबवर तीन आकडी नंबर शोधा : १८८ जनरल इलेक्ट्रिक, २७४ आरसीए, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल, २८० रेथिऑन. पुढचे आकडे साल आणि आठवड्याचे. आरसीएच्या लहान ट्यूबवर टाइप नंबर अष्टकोनी चौकटीत असतो आणि तो नाव गेल्यावरही टिकतो.

नंबरही नसेल तर आतली बांधणी बघा. प्लेट लांब की आखूड, काळी की करडी, सपाट की आडव्या रेघांची. गेटरची (उरलेली हवा शोषणाऱ्या चंदेरी लेपाची) कडी गोल की चौकोनी की डी आकाराची. एक ओळखीची ट्यूब शेजारी धरली की अर्धं काम होतं. टेलिफंकनची खूण म्हणजे तळाच्या काचेत पिनांच्या मधोमध साच्यातच उठवलेला हिरा. छापलेला हिरा तो नव्हे.

आता वीज. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घाला, अर्थ थेट चासीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला). मागच्या ग्राउंड स्विचला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कापून टाका. तो विजेच्या एका तारेपासून चासीपर्यंत जातो आणि शॉर्ट झाला तर गिटारच्या तारा जिवंत होतात. आपल्याकडचे बहुतेक स्टेप-डाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, फेज उलटी बसली तर धोका आणखी वाढतो. स्टेप-डाउन किमान ३०० व्हीएचा, लोखंडी गाभ्याचा घ्या. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे चालत नाहीत.

फिल्टर कपॅसिटर साठ वर्षांचे असतील तर ते बदलायचेच, मोजत बसू नका. पहिल्या टप्प्यात १६ मायक्रोफॅरडचे दोन समांतर आहेत. त्याजागी २२ मायक्रोफॅरड ५०० व्होल्टचे दोन चालतात. जीझेड३४ ला पहिल्या कपॅसिटरसाठी ६० ची मर्यादा आहे, ४४ त्यात बसतात. बायसचा (पॉवर ट्यूबचा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजचा) लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला, तो गेला तर दोन्ही ६व्ही६ जातील. हात घालण्याआधी मुख्य कपॅसिटर १० किलोओहम ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. तिथे चारशेच्या वर व्होल्ट साठून राहतात.

पहिल्यांदा चालू करताना स्टेप-डाउनच्या २३० च्या बाजूला १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी उपयोगाचा नाही. सगळ्या ट्यूबा काढून चालू करा : बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. मग लहान ट्यूबा, मग रेक्टिफायर, शेवटी ६व्ही६. नुसत्या हीटरचा (ट्यूब तापवणाऱ्या तारेचा) भार सत्तावीस वॉटच्या आसपास आहे, तेव्हा बल्ब थोडा तांबूस राहणारच. भगभगीत पेटून राहिला तर बंद करा. आणि ८ ओहमचा स्पीकर जोडल्याशिवाय एक क्षणही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

---

मडगावकर

काकांनी वीज सांगितली, मी डब्याकडे वळतो.

युरोपियन नाव वाचता आलं की निम्मा गोंधळ संपतो. पहिलं अक्षर हीटरचं : ई म्हणजे ६.३ व्होल्ट, जी म्हणजे ५ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची सिरीज साखळी (एसी-डीसी रेडिओतली). पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. सी ट्रायोड, म्हणून सीसी म्हणजे दोन ट्रायोड. एल पॉवर पेंटोड, झेड फुल-वेव्ह रेक्टिफायर. आकडा ८ ने सुरू झाला की नऊ पिनांची लहान ट्यूब, ३ ने सुरू झाला की आठ पिनांची ऑक्टल.

त्या हिशेबाने ईएल८४ इथे बसतच नाही, ६व्ही६ ऑक्टल आहे. ते ईएल८४ व्हॉक्सचा एसी३० किंवा एसी१५ ॲम्प असलेल्याला द्या.

बीईएलचा ईसीसी८३ मात्र सोन्यासारखा ठेवा. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूला १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवले आणि हा घाट फिलिप्सचाच आहे. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, म्हणजेच ७०२५. चांगला निघाला तर पहिल्या जागी बसवायला लाजू नका. आपल्याकडे लोक इंग्लंडचं नाव बघून पैसे देतात आणि बीईएल रद्दीत टाकतात.

ईसीसी८२ म्हणजे १२एयू७. पिना त्याच, पण गेन १२एएक्स७ च्या पाचव्या भागाहून कमी : १०० च्या जागी १७ ते २० च्या घरात. बसेल, जळणार नाही, पण ॲम्प मेल्यासारखा वाजेल.

खरी गोम ईसीसी८५ आणि ६एन२पी मध्ये आहे. दोन्ही नऊ पिनांच्या, दुहेरी ट्रायोड, आणि ६एन२पी चा गेनही १०० च्या आसपास, त्यामुळे लोक १२एएक्स७ म्हणून विकतात. पण यांचा हीटर ४ आणि ५ पिनांच्या मध्ये आहे आणि ९ नंबरला नुसता शील्ड. फेंडरच्या सॉकेटवर ४ आणि ५ एकत्र जोडून ६.३ व्होल्ट त्या जोडीत आणि ९ मध्ये दिलेले असतात. म्हणजे ६एन२पी बसवली की तिच्या हीटरच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज, आणि ती पेटतच नाही. ट्यूब खराब समजून फेकू नका. चूक जागेची आहे, ट्यूबची नाही.

मीटरने दोन सेकंदांत ओळखता येतं. १२एएक्स७ कुटुंबात ४-९ आणि ५-९ मध्ये काही ओहम सारखे दिसतात आणि ४-५ मध्ये त्याच्या दुप्पट. ६एन२पी मध्ये ४-५ ला काही ओहम, ९ कुणालाच लागत नाही. ६व्ही६ चा हीटर २ आणि ७ वर. तिथे उघडं दिसलं तर ट्यूब संपली, पुढचं काही बघायची गरज नाही.

५यू४जीबी बद्दल : ऑक्टल आहे, रेक्टिफायर आहे, पिनाही जुळतात. पण तिचा हीटर ३ अँपिअर खातो, जीझेड३४ चा १.९. साठ वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरच्या ५ व्होल्टच्या वाइंडिंगवर तो जादा भार कशाला? शिवाय तिच्यात तीस-एक व्होल्ट जास्त पडतात. बाजूला ठेवा.

---

सहा_तारा (पुणे)

दोघांचेही आभार. अर्थ, कपॅसिटर, बल्ब हे सगळं झालं. बल्ब शांत आहे. वाफेच्या युक्तीने बिननावाच्या ६व्ही६ च्या बुडावर ३१२ दिसलं, म्हणजे सिल्व्हेनिया. लहान बिननावाची अष्टकोनवाली निघाली.

पण बल्ब काढून पूर्ण व्होल्टेजवर चालवल्यावर सिल्व्हेनियाची प्लेट दीड मिनिटात एका कडेला लाल होऊ लागली. लगेच बंद केलं. आरसीए ठीक दिसते. म्हणजे सिल्व्हेनिया गेली असं धरू का? दोन्हींमध्ये हीटरभोवती नारिंगी उजेड आणि काचेच्या आतून निळसर झाकही दिसते.

---

तारवाला_काका

गेली असं धरू नका. आधी दोन्ही ६व्ही६ ची अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब, सॉकेटवरच राहिली तर सर्किट.

त्याही आधी एक मोजमाप. दोन्ही ६व्ही६ काढा, बाकी सगळ्या राहू द्या, आणि दोन्ही सॉकेटच्या ५ नंबर पिनेवर (ग्रिड, बायस इथेच येतं) चासीच्या तुलनेत व्होल्टेज घ्या. पटकन घ्या, कारण पॉवर ट्यूब नसताना मुख्य व्होल्टेज बरंच वर चढतं. दोन्हीकडे उणे ३५ च्या आसपास सारखं दिसलं पाहिजे. एकीकडे कमी दिसलं तर फेज इन्व्हर्टरकडून (दोन्ही पॉवर ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या लहान ट्यूबकडून) येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर डीसी गळतोय.

निळ्या झाकेची चिंता नको. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला निळा उजेड, जो आवाजाबरोबर हलतो, तो निरोगी ट्यूबचा. वाईट ती जांभळी-गुलाबी धुंदी, जी प्लेट आणि ग्रिडच्या मधोमध भरून राहते. तो गॅस. गेटरचा चंदेरी आरसा पांढरा दुधाळ झाला असेल तर हवा आत शिरली, ती ट्यूब थेट कचऱ्यात. आरसा कडेने तपकिरी होऊन विरळ झाला असेल तर ट्यूब बरीच वापरलेली आहे, पण मेलेली नाही.

---

सहा_तारा (पुणे)

मोजलं. एका सॉकेटवर उणे ३६, दुसऱ्यावर उणे २१. सिल्व्हेनिया दुसऱ्यात होती.

---

तारवाला_काका

झालं, सापडलं. पंधरा व्होल्ट सरकलेत, २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरमधून म्हणजे साधारण ६८ मायक्रोअँपिअर गळती. दोन्ही ०.१ चे कपॅसिटर बदला, ६०० व्होल्टचे फिल्म. एकच बदलू नका, भावंडं आहेत, दुसरा रांगेत उभा असेल.

मग बायस. प्रत्येक ६व्ही६ च्या ८ नंबर पिन आणि चासीच्या मध्ये १ ओहम, एक टक्क्याचा रेझिस्टर घाला. मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ६व्ही६जीटीए ची कमाल प्लेट-वॉटेज १४, जुन्या ६व्ही६जीटी ची १२ धरा. तुमच्या ट्यूबा जीटी आहेत, तेव्हा १२ चे सत्तर टक्के म्हणजे ८.४ वॉट. प्लेटवर ४१५ व्होल्ट असतील तर २० मिलिअँपिअर. मोजलेल्या आकड्यात स्क्रीनचा करंटही असतो, एक-दोन मिलिअँपिअर, तो वजा करा. स्टेप-डाउनच्या आउटपुटला आधी मीटर लावा : ११७ च्या जागी १२५ मिळत असतील तर प्लेट ४४० च्या पुढे जाईल. हीटर ६.३ च्या दहा टक्के वर-खाली चालतो, त्यापलीकडे नको.

दोन्हींमध्ये तीन-चार मिलिअँपिअरचा फरक असला तरी चालेल. थोडी जास्त गुणगुण येईल, एवढंच.

बायस लावल्यावर अर्धा तास चालू ठेवा आणि करंट हळूहळू चढतोय का बघा. चढून एका जागी थांबला तर ठीक. चढतच राहिला तर ५ नंबर पिनेचं व्होल्टेज ट्यूब घालून आणि ट्यूब काढून, गरम असताना, ताडून बघा. फरक काही दशांश व्होल्टचा असेल तर हरकत नाही. एक मायक्रोअँपिअर ग्रिड करंटला २२० किलोओहमवर ०.२२ व्होल्ट होतात. व्होल्टच्या वर गेला तर त्या ट्यूबमध्ये गॅस आहे, तिचा भरवसा धरू नका.

लहान ट्यूबांना मोजायला टेस्टर लागत नाही. मागून बघताना सगळ्यात उजवी ती पहिली. पहिल्या दोन जागांवर प्लेटचा रेझिस्टर १०० किलोओहमचा आहे. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा, १०० ने भागा, मिलिअँपिअर मिळाले. ०.८ ते १ च्या दरम्यान असेल तर ट्यूब जिवंत आहे. ०.५ च्या खाली असेल तर थकली. दोन्ही अर्ध्या भागांत मोठा फरक असेल तर ती ट्रेमोलोत, म्हणजे पाचव्या जागी लावून बघा. तिथे आवाजाची खरखर ऐकू येत नाही, पण गेन लागतो; कमकुवत असेल तर कमी स्पीडला ट्रेमोलो सुरूच होत नाही.

मग आवाज वाढवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने एकेकीवर हलकं टिचकवा. 'टक' ऐकू येणं ठीक. घंटेसारखं घुमत राहिलं किंवा शिट्टी सुरू झाली तर ती मायक्रोफोनिक. तिला पहिल्या-दुसऱ्या जागी नको.

आणि तिसरी जागा, रिव्हर्ब ड्रायव्हर. तिथे १२एटी७ लागते, १२एएक्स७ नाही. तिचे दोन्ही भाग समांतर आहेत आणि प्लेटवर चारशेच्या वर व्होल्ट पडतात, कागदावरची मर्यादा ३०० ची. फेंडरने ते जाणूनबुजून केलं. कॅथोडच्या २.२ किलोओहमवर ८ ते ९ व्होल्ट दिसले की बास. महागडी जर्मन ट्यूब तिथे घालून जाळू नका, साधी धडधाकट १२एटी७ घाला.

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

खरेदीबद्दल दोन शब्द, कारण इकडे हाच बाजार सगळ्यात लबाड आहे.

विकणारा 'एनओएस (जुना पण न वापरलेला माल), टेस्टरवर शंभर टक्के' म्हणतो तेव्हा कुठला टेस्टर ते विचारा. साधे एमिशन टेस्टर ट्यूबला डायोडसारखं वागवून नुसता करंट दाखवतात. त्यावर हिरव्यात येणारी ट्यूब ॲम्पमध्ये मायक्रोफोनिक किंवा गळकी निघू शकते. हिकॉक, टीव्ही-७ किंवा एव्हीओ असेल तर आकडा आणि त्या टेस्टरची किमान मर्यादा दोन्ही मागा. दोन्ही अर्ध्या भागांचे आकडे वेगवेगळे हवेत, आणि ग्रिड गळतीची चाचणी केली का तेही. अगदी नवी ट्यूबसुद्धा ॲम्पमध्येच खरी कळते, हे काकांचं मी शंभर वेळा मान्य करीन.

मलार्ड, टंग-सोल, जेनेलेक्स ही नावं आता रशियन कारखान्यातून नव्याने येतात. त्या ट्यूबा वाईट नाहीत, पण १९६४ च्या नाहीत. त्यावर तळाशी कोरलेला तो कोड नसतो. चकचकीत ताजी छपाई आणि कोरीव कोड नाही, तर जुन्या मालाचे पैसे देऊ नका. उलट छपाई गेलेली पण कोड असलेली ट्यूब स्वस्तात मिळाली तर सोडू नका.

पार्सल आलं की आधी ऑक्टलचं बूड हलतंय का बघा. हलत असेल तर काच पिळू नका, आतल्या बारीक तारा तुटतात. फटीत पातळ सुपरग्लूचे दोन थेंब आणि रात्रभर विश्रांती.

---

सहा_तारा (पुणे)

कपॅसिटर बदलले. आता दोन्ही सॉकेटवर उणे ३६. सिल्व्हेनिया २१, आरसीए १९ मिलिअँपिअर, अर्ध्या तासानंतरही जागच्या जागी. पहिल्या जागी बीईएल घातला, १०० किलोओहमवर ९२ व्होल्ट, टिचकी मारल्यावर घुमत नाही. मूळची फेंडर-नाववाली थोडी घुमत होती, ती पाचव्या जागी गेली.

एकच राहिलं : त्या दोन ६एन२पी साठी सॉकेटच्या वायरी बदलाव्यात का?

---

मडगावकर

अजिबात नको. मूळ वायरिंगचा १९६५ चा डिलक्स रिव्हर्ब आहे तो. ६एन२पी साठी नऊ पिनांचा ॲडॉप्टर मिळतो, पण तो घातला की फेंडरचं पत्र्याचं शील्ड बसत नाही आणि पहिल्या जागी गुणगुण वाढते. ईसीसी८५ सकट त्या कुणा रेडिओवाल्याला द्या आणि बदल्यात एक १२एटी७ मागून घ्या, सहाव्या जागेसाठी (फेज इन्व्हर्टर, तिथेही तीच लागते) जादा ठेवायला.

---

तारवाला_काका

२१ आणि १९ उत्तम. मोजलेले आहेत ना? स्क्रीन वजा केल्यावर त्याहूनही खाली येतील, म्हणजे हातात जागा आहे. बायस आणखी वर चढवू नका. महिनाभर वाजवून झाल्यावर परत एकदा ५ आणि ८ नंबरच्या पिना मोजा, आणि चासी बाहेर काढलेली असतानाच सॉकेटच्या पिनांची पकड बारीक सुईने घट्ट करून घ्या, ॲम्प बंद आणि कपॅसिटर रिकामे असताना.